पाण्यावर कुणाला ‘आधी तुम्ही’ म्हणू नये

...नाही, पण मी काय म्हणते, होड्यांच्या शर्यती उन्हाळ्यात घ्यायला कुणी नको म्हटलंय का? पाणी कोमट, ऊन छान, पडलंच कुणी तर आंघोळ झाली म्हणायचं आणि घरी जायचं! पण नाही! तलावाच्या काठाला बर्फाची साय धरलीय, धक्क्याच्या फळ्यांवर पाय ठेवला की माणूस आपोआप पुढं सरकतोय, नाकाचा शेंडा जागेवर आहे का ते चाचपावं तर बोटांनाच काही कळत नाही, अशा दिवसांत या लोकांची ‘हिवाळी मालिका’! दर रविवारी! आणि त्या मालिकेत कोण? तर मी! बादली काठोकाठ भरली तरी जिच्या छातीत धस्स होतं, ती मी! आणि तुम्हाला सांगते, मला पोहता येत नाही हे मी सगळ्यांना आधीच सांगितलं होतं.

तुम्ही म्हणाल, मग बाई, गेलीस कशाला मरायला? गेले. जावं लागलं. आता हे सांगायचं तर जरा मागून सांगावं लागेल, बसा.

आमचे हे आणि धाकटे भावजी, दोघांचं मिळून किल्ल्या बनवायचं दुकान. एवढंसं! एक गिऱ्हाईक आत आलं की एका भावानं बाहेर उभं राहायचं. आणि दोघांची मिळून ही एक शिडाची होडी. आठवडाभर किल्ल्या कानशीनं घासत घासत शर्यतीच्या नियमांवरून भांडायचे. ‘बोयाजवळ आधी पोचला त्याला वाट द्यायची!’ ‘अरे पण बाहेरच्या अंगानं आला असेल तर?’ ‘बाहेरचा असो नाहीतर आतला!’ गिऱ्हाईक बिचारं कुलूप हातात धरून उभं! आणि रात्री जेवताना पुन्हा तेच, मिठाचा डबा म्हणजे एक होडी, चमचा म्हणजे दुसरी, आणि भाजीत मीठ घालायला मी मागितलं तर म्हणायचे, ‘थांब, होडी वळतेय!’ मी किती वेळा म्हटलं असेन, अहो, पुरे करा आता, डोकं दुखलं माझं!

तर झालं पुरे. गेल्या उन्हाळ्यात भावजी गेले. झोपेतच गेले, काही कुणाला त्रास नाही, बोलता बोलता माणूस दुसऱ्या खोलीत जावं तसे गेले. आणि त्या दिवसापासून आमच्या ह्यांचं तोंड बंद. म्हणजे अगदी बंद! दुकानातून यायचं, खिडकीपाशी खुर्ची ओढायची आणि समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे बघत बसायचं. तिथं काय आहे? एक पाइप आहे! ‘चहा घेता?’ ‘हं.’ ‘जेवता?’ ‘हं.’ ‘घराला आग लागलीय!’ ‘हं.’ लेकीचा फोन आला की ऐकून घ्यायचे आणि माझ्या हातात द्यायचे. लेक म्हणायची, ‘आई, बाबांना डॉक्टरकडे ने.’ नेलं. डॉक्टर म्हणाले, ‘कान, घसा, सगळं उत्तम आहे. बोलतील, मनात आलं की बोलतील.’ अहो, पण मनात यायचं कधी?

आणि अशात एक दिवस होडीच्या क्लबातून भोंगेमास्तरांचा फोन. भोंगेमास्तर म्हणजे शर्यतीचे मुख्य पंच, शाळेतनं निवृत्त झालेले हेडमास्तर, गळ्यात शिटी, हातात भोंगा. सगळे त्यांना भोंगेमास्तरच म्हणतात, त्यांची बायकोसुद्धा. म्हणाले, ‘वहिनी, नियम सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. काठावर होडीला जागा हवी तर होडीनं हिवाळी मालिकेतल्या प्रत्येक शर्यतीला सुरुवातीच्या रेषेवर हजर राहावं लागतं. पहिली यावी असं नाही, शेवटची आली तरी चालेल, पण हजर हवी. आणि होडीत माणसं दोन हवीत.’

मी ह्यांना सांगितलं. हे त्या पाइपाकडे बघत म्हणाले, ‘विकून टाकू.’

विकून टाकू! इतक्या महिन्यांतलं पहिलं अख्खं वाक्य, आणि ते हे! म्हटलं, होडी गेली की हा माणूस त्या खुर्चीतून उठायचाच नाही. मिठाचा डबा आयुष्यभर मिठाचा डबाच राहणार! तशीच उठले, फोन लावला आणि म्हटलं, ‘भोंगेमास्तर, दुसरं माणूस मी.’ मग म्हणाले, ‘वहिनी, तुम्हाला शिडाची होडी येते?’ म्हटलं, येत नाही. ‘पोहता येतं?’ म्हटलं, तेही येत नाही. तेवढं मी सगळ्यांना आधीच सांगितलं होतं, हं!

बरं, मला वाटलं, आपण आपलं पुढं बसायचं, सांगतील तो दोर ओढायचा. कसलं काय! पहिल्या रविवारी धक्क्यावर पोचलो तर हे जाऊन बसले पुढं, दोराशी. मी म्हटलं, अहो, सुकाणूवर कोण? तर मागच्या बाकाकडं बघितलं आणि नुसती मान हलवली. तुम्हाला सांगते, सुकाणू कायम भावजींच्या हातात असायचं. ती जागा भावजींची. हे तिथं बसेनात. म्हणजे मी बसायचं! मी, जिला सायकलसुद्धा वळवता येत नाही, उतरून, उचलून, फिरवून पुन्हा बसते मी!

आणि ते रबरी कपडे! थंडीचा नियम आहे, रबरी पोशाख घातल्याशिवाय पाण्यावर जायचंच नाही. तो पोशाख चढवायचा म्हणजे, दोघी बायकांनी मला धरलं, एकीनं खांद्याला, एकीनं कमरेला, आणि उशीला अभ्रा घालावा तशी मला त्यात घातली. वर लाइफ जॅकेट. ते क्लबच्या दारातून बाहेर पडतानाच अंगावर हवं, परत दारातून आत येईपर्यंत काढायचं नाही, नियम! आणि दाराशी एक फळी, तिच्यावर पितळी बिल्ले. प्रत्येक माणसाचा एक बिल्ला. पाण्यावर जाताना आपला बिल्ला काढून गळ्यात घालायचा, परत आलं की फळीवर अडकवायचा. फळीवर बिल्ला नाही म्हणजे माणूस अजून पाण्यात! किती सोपा नियम, नाही? लहान मुलालाही कळेल.

पहिल्या रविवारी आमची होडी धक्का सोडून कशीबशी रेषेपर्यंत गेली, वाऱ्यानं तिला परत धक्क्यावर आणून आपटली, तेवढ्यात शर्यत संपली. हजेरी लागली! मला इतका आनंद झाला की कपडे बदलून, ह्यांना घेऊन सरळ घरी. भाजी चिरायला बसले तर फोन. भोंगेमास्तर! आवाज कापतोय! ‘कोण... कोण बोलतंय?’ म्हटलं, मी बोलतेय. ‘वहिनी?! तुम्ही कुठं आहात?’ म्हटलं, भाजी चिरतेय. ‘बुडाला नाहीत?’ म्हटलं, अजून तरी नाही! अहो, बिल्ला माझ्या गळ्यातच राहिला होता! आणि तिकडं क्लबातला कुणी घरी गेलेला नाही, बचावाची मोटारबोट तलावभर गोल गोल फिरतेय, बिचारे दंतवैद्य, त्यांचीही होडी असते शर्यतीत, ते आणि त्यांचा जावई बांबूनं तळ ढवळतायत! मी बिल्ला घेऊन परत गेले तर सगळे असे रांगेनं उभे, निळे पडलेले, आणि माझ्याकडं बघतायत. इतकं अपराधी मला माझ्या लग्नातही वाटलं नव्हतं. जावई म्हणाला, ‘मावशी, जिवंत आहात, बरं वाटलं.’ पण बरं वाटल्यासारखा चेहरा नव्हता हो त्याचा.

हे? हे गप्प.

मग पुढचे रविवार. सुरुवात कशी असते ठाऊक आहे का? मी आपली समजत होते, भोंगा वाजला की निघायचं. नाही! आधी पाच मिनिटं राहिली म्हणून एक भोंगा आणि एक बावटा वर. मग चार मिनिटं राहिली म्हणून दुसरा भोंगा, दुसरा बावटा. मग एक मिनिट राहिलं म्हणून एक बावटा खाली. आणि तोपर्यंत सगळ्या होड्या त्या रेषेमागं घारीसारख्या घिरट्या घालतायत, एकमेकींच्या अंगावर जातायत, शिव्या देतायत! मी म्हटलं, हे काय, रांग कुठंय? रांग नाही! मी आपली शिस्तीनं सगळ्यांच्या मागं जाऊन थांबले, आणि शेजारून कुणी आलं की म्हणायचं, या, या, तुम्ही पुढं व्हा. एका रविवारी सगळे पुढं झाले, फेरी मारून परतसुद्धा आले, आणि आम्ही तिथंच! भोंगेमास्तर पंचांच्या होडीतून ओरडतायत, ‘वहिनी, निघाऽऽ!’ मी ओरडले, ‘गर्दी कमी होऊ द्याऽऽ!’

आणि पाण्यात ते बोये, म्हणजे वळायच्या तरंगत्या खुणा, बांधलेले, त्यांना वळसा घालायचा. बोयाला होडी लागली तर शिक्षा, जागच्या जागी एक गिरकी. दुसऱ्या होडीला लागली तर दोन गिरक्या. कुणी बघितलं नसेल तरी घ्यायची, हा सगळा प्रामाणिकपणाचा खेळ आहे म्हणे. मी कशी खोटं वागेन? लागला बोया की आधी त्याला सॉरी म्हणायचं आणि मग गिरकी. त्या गिरकीत पुन्हा बोया लागायचा. पुन्हा गिरकी! लांबून बघणाऱ्याला वाटत असेल, बाईचं काहीतरी हरवलंय पाण्यात. आणि प्रत्येक गिरकीत तो शिडाचा आडवा दांडा या कानावरून त्या कानावर! हे पुढून एकच शब्द बोलायचे, ‘वाक.’ वाकले. ‘वाक.’ वाकले. म्हटलं, लग्न झाल्यापासून वाकतेच आहे, पण इतक्या थंडीत पहिल्यांदा! आणि तुम्हाला सांगते, त्या ‘वाक’साठी मी आठवडाभर थांबायची. घरी तेवढंही नव्हतं. म्हटलं, एक शब्द निघतोय ना? निघू दे. मग भले बुडेन, आणि मला पोहता येत नाही हे तर... सांगितलंय मी. तुम्हालाही सांगितलंय.

तर असं करत करत आली शेवटची शर्यत. एवढी एक गेली की काठावरची जागा पक्की. आदल्या दिवशी भोंगेमास्तरांनी मला बाजूला घेऊन बजावलं, ‘वहिनी, हळू जा, मागं राहा, गिरक्या घ्या, काय वाट्टेल ते करा. पण कुणाला धडकू नका. धडकेत दोषी ठरलात, तर त्या दिवशी तुमची होडी आलीच नव्हती असं धरतात. मग जागा गेली.’ मी म्हटलं, मास्तर, मी आणि कुणाला धडकणार? मी तर रस्त्यात कुत्र्यालासुद्धा वाट देते.

तिथंच चुकलं हो! वाट देते ना, तिथंच चुकलं!

कारण पाण्यावरचा नियम काय आहे? ज्याच्या उजव्या अंगावर वारा, त्याचा हक्क. ज्याच्या डाव्या अंगावर वारा, त्यानं बाजूला व्हायचं. झालं! वयाचं काही नाही, बाईमाणसाचं काही नाही, ओळखीपाळखीचं काही नाही. आता मी चाललेय, वारा माझ्या उजव्या अंगावर. म्हणजे हक्क माझा. आयुष्यात पहिल्यांदा हक्क माझा, आणि मला पत्ताच नाही! समोरून दंतवैद्यांची होडी, वारा त्यांच्या डाव्या अंगावर. दंतवैद्य म्हणजे अगदी सज्जन माणूस, दात उपटतानासुद्धा आधी माफी मागतो. त्यानं नियमाप्रमाणं काय केलं? माझ्या मागून जायला होडी वळवली. आणि मी काय केलं? मी विचार केला, सकाळपासून किती पुढं आलेत बिचारे, त्या पहिल्या रविवारी बांबूनं तळ ढवळत होते माझ्यासाठी... मी हात केला, ओरडले, ‘डॉक्टर, आधी तुम्ही!’ आणि त्यांच्या मागून जायला मीही वळवली!

जिन्यात कसं होतं, तुम्ही या बाजूला, समोरचाही त्याच बाजूला, तुम्ही त्या बाजूला, तोही त्या बाजूला? तसं. फक्त जिन्यात शिडं नसतात!

हे पुढून ओरडले, ‘अगं...!’ आणि धाडकन! आमचं शीड त्यांच्या दोरात, त्यांचा दांडा आमच्या डोलकाठीत, जावई आमच्या होडीत, आणि मी... मी पाण्यात! काय सांगू तुम्हाला, ते पाणी! तोंड उघडं, पण आवाज म्हणून नाही. डोळ्यांपुढं लेक आली, गॅसवर ठेवलेलं दूध आलं, सगळं आलं. मला पोहता येत नाही! जॅकेटनं मला बुचासारखं वर धरलंय हेसुद्धा मला कळलं नाही, मी आपली हातातलं सुकाणू घट्ट धरून बसले होते. हो, सुकाणू! उपटून आलं होतं माझ्याबरोबर! तेवढ्यात माझ्या कॉलरला कुणीतरी धरलं. हे! उडी मारली होती. आणि अगदी कानाशी, भावजींवर ओरडायचे तशा आवाजात, ‘अगं बाई, हक्क असलेल्यानं वाट द्यायची नसते! सरळ जायचं! सरळ!’

मला मेलीला त्या बर्फाच्या पाण्यात गरम वाटलं हो.

पण तिकडं दंतवैद्यांच्या होडीवर लाल फडकं चढलेलं. ‘तक्रार!’ म्हणून ओरडायचं आणि लाल फडकं लावायचं, नियम. धडक झाली की लावावंच लागतं, नाहीतर त्यांचीच चूक धरतात. म्हणजे सुनावणी! बचावाच्या बोटीनं आम्हाला काठावर आणून टाकलं, घोंगड्यांत गुंडाळलं, आणि क्लबच्या मागच्या खोलीत टेबलाभोवती बसवलं. शेगडी पेटवलेली, चहाचे कप समोर, आणि भोंगेमास्तर म्हणाले, ‘हा कान तुटलेला कप म्हणजे वहिनींची होडी. हा बिस्किटांचा डबा म्हणजे डॉक्टरांची. सांगा, काय झालं?’

माझे दात वाजतायत. म्हटलं, संपलं. जागा गेली, होडी गेली, पुन्हा ती खुर्ची आणि तो पाइप. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आणि ते बघून दंतवैद्यांचं मन विरघळलं. उठून उभे राहिले आणि म्हणाले, ‘मास्तर, मी तक्रार मागं घेतो. अंतर मोजण्यात माझीच चूक झाली असेल. यांच्या घरात एवढं दुःख झालंय, बिचारे कसेबसे येतात... जाऊ द्या.’

देवासारखा माणूस! भोंगेमास्तरांनी माझ्याकडं बघून डोळे मिटले, म्हणजे सुटलात. मी उठतच होते. जागा राहिली! होडी राहिली!

आणि आमचे हे म्हणाले, ‘बिचारे कोण?’

हे घोंगडी सावरत टेबलाशी सरकले. ‘बिचारे कोण, डॉक्टर? तुम्ही नियमानं मागून जात होतात. चूक तुमची कशी?’ मी टेबलाखालून पाय मारला. तो जावयाला लागला. ह्यांनी कप उचलला. ‘हे बघा. वारा इकडून. हिचा हक्क. हिनं सरळ जायला हवं होतं. हिनं सुकाणू कुठं वळवलं? इथं!’ मी दुसरा पाय मारला. जावई म्हणाला, ‘मावशी, मी काही बोललोच नाही.’ आणि हे? हे सुटले! धरण फुटल्यासारखे सुटले! कप पुढं, डबा मागं, शिटी म्हणजे बोया, साखरेचा चमचा म्हणजे वारा! ‘हक्कवाल्यानं एकाएकी दिशा बदलली तर समोरच्याला वाट मिळायला हवी. मिळाली? नाही! सुरुवातीच्या रेषेवर सुद्धा ही थांबते, ते वेगळंच! धाकटा असता ना, पहिल्याच वळणावर ओरडला असता हिच्यावर! धाकटा नेहमी म्हणायचा...’ आणि तिथं थांबले. धाकटा म्हणाले. भावजी गेल्यापासून पहिल्यांदा ‘धाकटा’ म्हणाले. कप हातातच राहिला. मी म्हटलं, झालं, आता पुन्हा मिटणार हे तोंड. तर ह्यांनी घोंगडीच्या टोकानं नाक पुसलं आणि म्हणाले, ‘...नेहमी म्हणायचा, आणि चुकीचं म्हणायचा, की मागून जाणाऱ्यानं आधी ओरडायला हवं. नियमात तसं कुठंही नाही!’ आणि पुन्हा सुरू!

शेगडी विझली तरी बोलत होते. शेवटी भोंगेमास्तरांनी निकाल दिला. द्यावाच लागला, स्वतःच्या बायकोविरुद्ध इतका पुरावा आजवर कुणी दिला नव्हता म्हणाले. आमची होडी दोषी. आमची होडी त्या दिवशी आलीच नव्हती. मी ओलीचिंब, दातखीळ बसलेली, आणि मी तिथं आलेच नव्हते! काठावरची जागा गेली.

बाहेर आलो तर हे झपझप पुढं, मी मागं, आणि ह्यांचं चालूच, ‘कळलं का तुला कुठं चुकलीस? नाही कळलं. पुन्हा सांगतो.’ मी रस्ताभर रडतेय आणि हसतेय, येणारे जाणारे बघतायत. म्हटलं, अहो, पण आता होडी विकायची ना? तर असे थांबले, जसं काही मी मुलीला विकायचं म्हटलं. ‘विकायची? का?’

मग काय! काठावर जागा नाही, भाड्याची जागा परवडत नाही, होडी आणली घरी. बैठकीच्या खोलीत तिरकी लावली तेव्हा कुठं मावली. खिडकीपाशीची खुर्ची जिन्यात गेली. संध्याकाळी दुकानातून आले की हे होडीत जाऊन बसतात, मला समोर बसवतात, आणि सुरू! पहिला नियम, दुसरा नियम, पोटनियम, धाकटा काय म्हणायचा, ते का चूक होतं. लेकीचा फोन आला तर तिलाही सांगतात. परवा ती म्हणाली, ‘आई, बाबांना डॉक्टरकडे ने ना!’ आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा नाव घातलंय म्हणे, दोघांचं. मी काही बोलले नाही. बोलायला सवड कुठंय? होडीचं शीड पसरून ठेवायला जागा पुरत नव्हती, म्हणून काल आमचा पलंग विकला.